कुणीतरी विचारलं म्हणून

अंबरनाथला कल्याणकडे जाणारी लोकल पकडली की उल्हासनगर, विठ्ठलवाडी आणि तिसरं स्टेशन कल्याण. जेमतेम पाव तासाचा प्रवास. घराघरातल्या आठवणी कागदावर कशा उतरवाव्यात हे सांगायला बसले, की मला आधी हे तिसरं स्टेशन आठवतं. मराठीतल्या एका विलक्षण पुस्तकाची नाळ या गावच्या माणसाशी जोडलेली आहे.

चिंतामण विनायक वैद्य यांचा जन्म १८६१ सालचा, कल्याणचा. पुढे ते महाभारताचे आणि इतिहासाचे मोठे अभ्यासक झाले. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे हे वैद्यांच्या घराशी संबंध असलेले भिक्षुक. ऐन तिशीत, १८५७ साली, घरावरचं कर्ज फेडायला चार पैसे मिळवावेत म्हणून हे भटजी काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा चांगली मिळेल, अशी बातमी कानावर आली होती. वाटेत बंड उसळलं. झाशीला इंग्रजांचा वेढा पडला तेव्हा विष्णुभट झाशीतच होते. तोफा, लूट, कत्तल, उपासमार, सगळं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. मिळवलेलं वाटेत लुटलं गेलं. एवढ्यातूनही गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावरून वाहत त्यांनी वरसईला आणली आणि आईवडिलांना गंगास्नान घातलं.

हे सगळं त्यांच्याबरोबरच गेलं असतं. गावात बसून चार माणसांना सांगितलेल्या गोष्टी, दोन पिढ्यांत विरून गेल्या असत्या. पण वैद्यांनी त्यांना सांगितलं, भटजी, हे लिहून काढा. प्रवासाला दोन तपं उलटून गेल्यावर त्या माणसानं लिहिलं. इंग्रज सरकारच्या धाकामुळे ते लगेच छापता येण्यासारखं नव्हतं. शेवटी १९०७ साली वैद्यांनी 'माझा प्रवास' प्रसिद्ध केलं. सत्तावन्नच्या झाशीचं एका साध्या मराठी माणसानं मराठीत लिहिलेलं वर्णन आपल्याकडे आहे, ते कुणीतरी विचारलं म्हणून.

एक गोष्ट मात्र वैद्यांच्या हातून झाली. छापताना त्यांनी मजकुरात फेरफार केले. काही गाळलं, काही नीटनेटकं केलं, काही आपल्या समजुतीप्रमाणे घातलं. भटजींचं मूळ हस्तलिखित पुढे पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात पोचलं आणि त्यावरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली मूळ बरहुकूम आवृत्ती काढली, तेव्हा कुठे विष्णुभटांचा स्वतःचा आवाज वाचकांच्या कानावर पडला. मधे जवळजवळ साठ वर्षं गेली होती. विचारणारा मिळाला तर आठवण वाचते, आणि तोच विचारणारा तिला नकळत बदलूनही टाकतो, या दोन्ही गोष्टी या एका पुस्तकात दिसतात. या प्रकरणात मला सांगायचं आहे ते याच विचारणाऱ्या माणसाबद्दल. लिहायला बसलेल्याला सल्ले देणारी पुस्तकं पुष्कळ आहेत. समोर बसून ऐकणाऱ्याचं काम काय, हे फारसं कुणी सांगत नाही.

मराठीतली जीवनकथनं याच नजरेनं पाहिली की जवळजवळ प्रत्येकामागे असा एक माणूस सापडतो. लक्ष्मीबाई टिळक शाळेत गेलेल्या नव्हत्या. रेव्हरंड ना. वा. टिळक १९१९ साली गेले. मुलगा देवदत्त वडिलांचं चरित्र लिहायच्या विचारात होता, त्यानं आईला म्हटलं, तुला आठवतं ते लिहून दे. तिनं लिहायला घेतलं आणि चरित्राच्या साधनातून 'स्मृतिचित्रे' उभं राहिलं. पहिला भाग १९३४ साली आला. मुलानं मागितल्या होत्या वडिलांच्या आठवणी, आईनं दिला सगळा संसार: सोवळंओवळं, धर्मांतर, ताटातूट, भांडणं, हसणं.

दामोदर रुंजाजी जाधव मुंबई पोर्ट ट्रस्टमध्ये कामगार होते, मूळचे नाशिकजवळच्या ओझरचे. निवृत्तीनंतर त्यांना घरात स्वस्थ बसवेना. मुलानं, नरेंद्र जाधवांनी, त्यांच्यापुढे कागद ठेवले आणि लिहा म्हटलं. जेमतेम अक्षरओळख असलेल्या त्या माणसानं आपल्या बोलीत लिहिलं. त्या लिखाणाच्या आधारानं १९९३ साली 'आमचा बाप आन् आम्ही' हे पुस्तक झालं आणि मग ते किती भाषांत गेलं ते सगळ्यांना माहीत आहे.

फलटणच्या बेबी कांबळे यांची गोष्ट याच्या उलट्या अंगानं तेच सांगते. त्यांना घरात कुणी विचारलं नाही. छोटं दुकान चालवता चालवता त्यांनी लिहिलं आणि नवऱ्याच्या नजरेला पडू नये म्हणून वर्षानुवर्षं वह्या लपवून ठेवल्या. फलटणमध्ये राहून काम करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांनी विचारपूस केली तेव्हा त्या वह्या बाहेर आल्या. 'स्त्री' मासिकातून ते लेखन छापलं गेलं आणि १९८६ साली 'जिणं आमुचं' पुस्तकरूपानं आलं. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघी तर स्वतःच विचारत निघाल्या. आंबेडकरी चळवळीत काम केलेल्या बायकांच्या दारी जाऊन त्यांनी मुलाखती घेतल्या आणि १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' प्रसिद्ध केलं. म्हाताऱ्या झालेल्या त्या बायकांना चळवळीच्या इतिहासात जागा मिळाली ती या दोघी पायऱ्या चढून त्यांच्या घरी गेल्या म्हणून.

आता माझ्या गावाकडे येते.

अंबरनाथ पूर्वेला वालधुनीच्या काठी शिवमंदिर आहे. त्याच्या उत्तरेकडच्या दारावर आतल्या बाजूला एक लेख कोरलेला आहे. शिलाहार राजा माम्वाणी याचं नाव त्यात आहे आणि साल आहे शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०. एकोणिसाव्या शतकात हा लेख पहिल्यांदा वाचला गेला तेव्हा साल शके ७८२ असं वाचलं होतं. पुढे दुसऱ्या अभ्यासकानं ते दुरुस्त केलं. एक आकडा झिजलेला, आणि मंदिराच्या वयात दोनशे वर्षांचा फरक. घरातला जुना फोटो उलटा करून मागची पुसट शाई वाचताना मला दर वेळी हा लेख आठवतो.

मंदिर जुनं असलं तरी आजचं शहर कारखान्यांनी वसवलेलं आहे. १९१९ साली स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी केमिकलचा कारखाना, त्यानंतर विमकोचा काडेपेट्यांचा कारखाना, स्वातंत्र्यानंतर आयुध निर्माणी, मग औद्योगिक वसाहती. मूळचे आगरी, ठाकूर, कातकरी इथे होतेच. त्यांच्यात सातारा-सांगलीचे, कोकणातले, खानदेशातले कामगार येऊन मिसळले आणि नंतर मुंबईच्या चाळींतून जागा परवडेना म्हणून निघालेले हजारो संसार आले. शेजारच्या उल्हासनगरची कथा वेगळी आणि जास्त कठीण. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेली जवळजवळ लाखभर माणसं राहिली, आणि ऑगस्ट १९४९ मध्ये गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते त्या छावणीचं उल्हासनगर झालं. आजही तिथे पत्ता सांगताना कॅम्प नंबर सांगतात.

म्हणजे कल्याणपासून बदलापूरपर्यंतच्या या पट्ट्यात जवळजवळ प्रत्येक घराची गोष्ट 'आम्ही इथे आलो' या शब्दांनी सुरू होते. आणि त्याच कारणानं इथल्या आठवणी लवकर हरवतात. पिढ्यान्‌पिढ्या एका गावात राहिलेल्या घराला वाडा असतो, पार असतो, शेजारी असतात. कुणी ना कुणी सांगतं, हा तुझ्या पणज्यानं लावलेला फणस. आमच्याकडे पणजोबा गावी राहिले, आजोबा चाळीत, आणि आईवडील इथे. दर स्थलांतरात अर्ध्या गोष्टी मागे राहिल्या. सिंधी घरांत त्यात लिपीची भर पडली. आजोबांची पत्रं अरबी वळणाच्या सिंधी लिपीत, नातवंडं देवनागरी आणि इंग्रजी वाचणारी. कपाटात पत्रांचा गठ्ठा आहे आणि घरात वाचणारं कुणी नाही. मराठी घरांनी मोडीच्या बाबतीत हेच सोसलेलं आहे. खतं, हिशोब, सोयरिकीची पत्रं, सगळं मोडीत. आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर शाळेत मोडी शिकलेलं मूल सापडत नाही. ज्यांच्या घरी असे कागद आहेत आणि ते वाचू शकणारं एखादं माणूस अजून आहे, त्यांनी बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ते वाचून घ्यावेत.

माझे वडील इथल्या एका कारखान्यात तीस वर्षं तीन पाळ्यांत राबले. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. मी त्यांना कधी विचारलं नाही. ते काय बनवत होते, पहिला पगार किती होता, रात्रपाळीत डोळा लागू नये म्हणून काय करत, यातलं मला काहीही ठाऊक नाही. त्यांच्या हाताचं अक्षर म्हणून माझ्याकडे आहे ते कालनिर्णयवर.

कालनिर्णय १९७३ साली निघालं आणि आमच्यासारख्या घरांत खिळ्यावर कायमचं बसलं. माझ्या आईनं त्याची जुनी सालं फेकली नाहीत. माळ्यावरच्या ट्रंकेत, सुतळीनं बांधून, वर्षाचं एक अशी ठेवली. २६ जुलै २००५ ला आमच्या गल्लीत पाणी शिरलं तेव्हा खालच्या कपाटातले फोटोचे अल्बम चिकटून लगदा झाले. ट्रंक माळ्यावर होती म्हणून राहिली. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला हे पुढे सगळीकडे छापून आलं. उल्हास आणि वालधुनीच्या काठच्या घरांतून त्या रात्री किती लग्नाचे फोटो आणि किती पत्रं वाहून गेली याची मोजदाद कुठेच नाही.

वडिलांचं अक्षर त्या चौकोनांत आहे. रोजच्या दुधाचा आकडा. 'खाडा'. 'गॅस लावला'. 'रॉकेल ५ ली.' 'ताप, शाळा नाही.' 'रा. पा.' म्हणजे रात्रपाळी. दिवसाला दोन-तीन शब्द, पण वर्षाचे सगळे दिवस. आपल्या घरात काहीच लिहिलेलं नाही असं म्हणणाऱ्यांनी आधी हे कागद शोधावेत. किराण्याची वही, भिशीची वही, आहेराची यादी, पगाराची स्लिप, एस.टी.चा पास, शाळा सोडल्याचा दाखला. आठवणीला धरायला खुंटी लागते, आणि असल्या कागदांइतकी भक्कम खुंटी दुसरी नाही.

दाखल्याबद्दल एक सावधगिरी सांगते. आपल्याकडच्या कितीतरी वडीलधाऱ्यांचा जन्म १ जूनचा आहे. शाळेत नाव घालायला आलेल्या बापाला तारीख माहीत नसे, गुरुजी सोयीची तारीख टाकत, आणि तोच आयुष्यभराचा वाढदिवस होई. अशा माणसाला 'हे कोणत्या साली?' असं विचारून उपयोग नसतो. त्याची कालगणना वेगळी असते. पानशेत फुटलं त्या वर्षी, म्हणजे जुलै १९६१. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी पोटुशी होते, म्हणजे डिसेंबर १९६७. बहात्तरचा दुष्काळ. रेल्वेचा संप, मे १९७४, तेव्हा लोकल बंद. गिरण्यांचा संप, जानेवारी १९८२. ही सालं एका कागदावर लिहून जवळ ठेवली की आजीच्या आठवणी आपोआप रांगेत लागतात.

आता प्रश्नांकडे. आईला मी पहिल्यांदा विचारायला बसले तेव्हा वही, पेन, मोबाइलचं रेकॉर्डिंग, सगळी तयारी होती. विचारलं, "आई, तुझं आयुष्य कसं होतं?"

"कसं असायचंय? चारचौघींसारखं."

"लहानपण?"

"बरं होतं."

पुढे अर्धा तास ती मेथी निवडत राहिली आणि मी वहीत काही लिहिलं नाही. चूक प्रश्नांची होती. एवढा मोठा प्रश्न समोर ठेवला की माणूस ठरलेलं उत्तर देतं, कारण आयुष्य असं एकसंध कुणाच्याच डोक्यात नसतं. डोक्यात असतात वस्तू, वास, जागा, कुणाचं एखादं वाक्य. आठवड्यानं मी तिला वेगळं विचारलं. "लग्न होऊन पहिल्यांदा अंबरनाथला उतरलीस तेव्हा हातात काय होतं गं?"

मेथीची काडी हातातच राहिली. "पिठाचा डबा. पितळेचा, कडीचा. सासूबाईंनी दिलेला, ज्वारीचं पीठ भरून. म्हणाल्या, तिकडचं पीठ कसलं असतंय कुणास ठाऊक, महिनाभर तरी घरचं खा. पुण्याहून पॅसेंजरनं आलो, कर्जतला गाडी बदलली. त्या गर्दीत डबा उघडला गं. माझ्या नव्या लुगड्यावर सगळं पीठ. मी रडायला लागले, तर तुझे बाबा म्हणाले, रडू नको, अंबरनाथला गिरणी आहे. पहिलं वाक्य ते, त्यांनी माझ्याशी बोललेलं. त्याआधी दोन दिवसांत एक शब्द नव्हते बोलले."

मग ती थांबेचना. स्टेशनच्या पूर्वेला तेव्हा दिवे किती कमी होते, पावसाळ्यात घरामागच्या भातखाचरांत बेडकं कशी ओरडत, पहिल्या रात्री कारखान्याचा भोंगा ऐकून ती कशी दचकून उठून बसली आणि शेजारच्या बाईनं भिंतीपलीकडून 'काही नाही हो, पाळी सुटली' असं कसं सांगितलं. त्या शेजारणीशी तिची ओळख अशी भिंतीतून झाली. वडिलांना न विचारलेल्या प्रश्नाचं एक उत्तर मला त्या दिवशी पिठाच्या डब्यातून मिळालं.

म्हणून विचारायचं ते हाताला लागेल असं. पहिलं घर: दारातून आत गेलं की डाव्या हाताला काय? पाणी कुठून? पहाटे पहिला आवाज कुणाचा? पहिल्या पगारातून काय घेतलं? कुणाची भीती वाटे? घराचा नकाशा काढायला सांगितलं तर फारच उत्तम. अक्षर न येणारी आजीसुद्धा बोटानं चूल कुठे, न्हाणी कुठे, जातं कुठे ते फरशीवर काढून दाखवते, आणि जात्यापाशी आली की ओवी म्हणते. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी मावळापासून सुरुवात करून महाराष्ट्रभरच्या खेड्यांतून लाखाच्या वर ओव्या जमवल्या, त्या कधीही न लिहिलेल्या बायकांच्या. स्वतःबद्दल सरळ बोलायला लाजणाऱ्या बाईनं जात्यावर सगळं बोलून ठेवलेलं असतं.

वयाच्या दहा ते तीस या काळातलं विचारावं, हेही अनुभवानं कळतं. स्मरणाचा अभ्यास करणाऱ्यांना वेगवेगळ्या देशांत हेच दिसलेलं आहे की म्हातारपणी माणसाला सर्वांत दाट आठवतो तो हा काळ. पहिलेपणा त्यात जास्त असतो: पहिली नोकरी, लग्न, पहिलं मूल, पहिलं शहर. मधली वीस वर्षं एकसारखी गेलेली असतात, ती ओढून काढण्यात अर्थ नाही.

ऐकलेलं खरं किती, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. फ्रेडरिक बार्टलेट या इंग्रज मानसशास्त्रज्ञानं १९३२ साली दाखवून दिलं की आठवण जशीच्या तशी साठवलेली नसते. दर वेळी सांगताना माणूस ती नव्यानं जुळवतो, आपल्या ओळखीच्या साच्यात बसवतो. माझी आई सांगते, लग्नात वाजंत्री होती. मावशी शपथेवर सांगते, नव्हती. मयत झालं होतं भावकीत. मी दोन्ही लिहिलं, नावानिशी. कुणाचं खरं याचा निवाडा करायला मी बसले असते तर एक बहीण गप्प झाली असती. कोर्टात आणि घरात हा फरक ठेवावा लागतो. तारीख, गाव, नाव यांची मात्र कागदांवरून शहानिशा करावी. शिवमंदिराच्या लेखाचं उदाहरण वर दिलंच आहे.

आणि भाषा सुधारू नये. हे मी पोटतिडकीनं सांगते, कारण शिकलेली मुलं नेमकं हेच करतात. आजी म्हणते 'आमी तवा लई हाल काडलं', नात लिहिते 'आम्ही त्या काळी अत्यंत हलाखीचे दिवस काढले'. वाक्य शुद्ध झालं आणि आजी त्यातून निघून गेली. अंबरनाथसारख्या गावात तर एका मजल्यावर चार बोल्या असतात: आगरी, मालवणी, अहिराणी, साताऱ्याकडची. नातवंडं त्यातली एकही बोलत नाहीत. ती बोली घरात शेवटची उरलेली असते ती त्या आवाजात, म्हणून रेकॉर्डिंग करावं, आणि उतरवताना जसंच्या तसं उतरवावं. पंखा बंद करावा, कुकर लावायच्या आधी बसावं, मोबाइल स्टीलच्या ताटावर ठेवू नये, थरथर येते. एका वेळी पाऊण तास पुरे. पुढचं पुढच्या वेळी.

रेकॉर्डिंग झालं की काम झालं असं समजू नये. मोबाइल बिघडतो, पासवर्ड विसरतो, फाइल कुठे गेली ते कळत नाही. कागद वाचायला नुसते डोळे पुरतात. ऐकलेलं आठवडाभरात लिहून काढावं, लांब वहीत, पानाच्या एकाच बाजूला, समास मोठा सोडून, म्हणजे नंतर आठवलेलं शेजारी लिहिता येतं. शाईपेनची शाई ओल लागली की पसरते, त्यापेक्षा साधं बॉलपेन टिकतं. फोटोच्या मागे शिसपेन्सिलीनं हलक्या हातानं लिहावं: कोण, डावीकडून उजवीकडे, कुठे, अंदाजे कधी. जुने कागद लॅमिनेट करू नयेत. तो प्लास्टिकचा थर पुन्हा निघत नाही आणि उष्णतेनं कागद आतच खराब होतो. आमच्या भागातल्या पावसात कसर आणि वाळवी दोन्ही लागतात, तेव्हा गठ्ठा भिंतीला टेकवून ठेवू नये, जमिनीवर तर नाहीच. शेवटी टाइप करून, झेरॉक्स काढून, स्पायरल बांधून पाच-सहा प्रती केल्या आणि वेगवेगळ्या घरांत दिल्या की एका पुरात सगळं जात नाही.

जगात एक गाव असं आहे जिथे हे काम आख्ख्या गावानं अंगावर घेतलं. इटलीतलं पिएव्हे सांतो स्तेफानो. १९४४ साली माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानं सुरुंग लावून ते जवळजवळ सगळं उडवून दिलं. जुनं काहीच न उरलेल्या त्या गावात १९८४ साली साव्हेरिओ तुतिनो या पत्रकारानं सामान्य माणसांच्या डायऱ्या, पत्रं, आत्मकथनं ठेवण्यासाठी एक संग्रहालय सुरू केलं. क्लेलिया मार्की नावाची एक शेतकरी बाई तिथे एक चादर घेऊन आली. तिचा नवरा १९७२ साली अपघातात गेला होता. रात्री झोप येईना, मनातलं लिहायला घेतलं, आणि घरातला कागद संपला तेव्हा तिनं लग्नातल्या चादरींपैकी एक काढून तिच्यावर ओळीखाली ओळ घालत आपलं आयुष्य लिहिलं. आता ती चादर संग्रहालयात आहे. अडाणीपणाचं कारण सांगून लिहायचं टाळणाऱ्या बायकांना मी या चादरीची गोष्ट सांगते. आपल्याकडच्या गोधडीशी नातं सांगणारी ती वस्तू आहे. त्यांना ती लगेच कळते.

मुलांना यातून काय मिळतं, याचाही अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातले मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी मुलांना वीस प्रश्न विचारले: आईवडील कुठे भेटले, आजी-आजोबा कुठे वाढले, घरावर कोणतं संकट आलं होतं, असे. ज्या मुलांना जास्त उत्तरं येत होती त्यांच्यात आत्मविश्वास आणि मनाचा भक्कमपणा जास्त दिसला. पण उत्तरं पाठ करून घेऊन काही होत नाही, हेही ड्यूक यांनी बजावलं. ज्या घरात जेवताना, प्रवासात, सणाला एकत्र बसून हे बोललं जातं त्या घरातल्या मुलांना ती उत्तरं येतात. पुन्हा तेच. विचारणारं आणि सांगणारं समोरासमोर बसलेलं हवं.

आणि कधी कधी सांगणारं थांबतं. तिथे विचारणाऱ्यानंही थांबायचं असतं. घरात गेलेली मुलं असतात, मोडलेली लग्नं असतात, वाटणीची भांडणं असतात, कुणी कुणाला टाकलेलं असतं. जिवंत माणसाला लागेल असं लिहिण्याआधी त्याला विचारावं. सांगणाऱ्यानं 'हे नको लिहू' म्हटलं तर पेन खाली ठेवावं आणि रेकॉर्डिंगही बंद करावं. पुष्कळदा तीच गोष्ट महिन्यानं आपण होऊन येते. कधी येत नाही. तो सांगणाऱ्याचा हक्क आहे.

गेल्या दिवाळीत मी माळ्यावरची ट्रंक खाली काढली. कालनिर्णयची सालं एकेक करून चाळली. १९८२ च्या पानांवर दुधाचा आकडा पहिले तीन आठवडे एक लिटर होता. जानेवारीच्या शेवटी तो एकदम दोन झाला आणि पुढे महिनोन्‌महिने दोनच राहिला. आमच्या घरात तेव्हा आम्ही चौघं. मी पान आईपुढे धरलं.

तिनं चष्मा लावून बोट ठेवलं. "भाऊजी आले होते ना. लालबागहून. जाऊबाई, तीन पोरं. गिरण्या बंद पडल्या, खोलीचं भाडं कुठून द्यायचं? तुझे बाबा गेले आणि घेऊनच आले सगळ्यांना. मला विचारलंसुद्धा नाही. दारात उभे राहून एवढंच म्हणाले, उद्यापासून दूध दोन लिटर सांग."

मी ते लिहून घेतलं. नऊ माणसं दोन खोल्यांत कशी झोपत, भाऊजी सकाळी उठून रोज लालबागला कसे जात आणि संध्याकाळी तसेच कसे परत येत, जाऊबाईंनी शिवणयंत्र कुठून आणलं, सगळं. पुढची पानं उलटत गेले. त्र्याऐंशीच्या एका महिन्यात, मधेच, आकडा पुन्हा एक झाला होता. त्या चौकोनात बाकी काही लिहिलेलं नव्हतं.

"आणि हे? हे लोक परत कधी गेले?"

आई बराच वेळ त्या चौकोनाकडे पाहत राहिली. मग तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला. "ते राहू दे आज," ती म्हणाली. "ते पान तेवढं वेगळं काढून ठेव."

मी ते पान सुटं करून वहीत ठेवलं आणि शेजारचं पान कोरं सोडलं.